गिझर कुठं बसवायचा

आमच्या बाथरूममधला गॅसचा गिझर बंद पडला तो संक्रांतीच्या तोंडावर, थंडी ऐन भरात असताना. त्याआधी बरेच दिवस तो नखरे करतच होता. नळ सोडला की आत ठिणग्या पडायच्या, आवाज यायचा, पण ज्योत काही धरायची नाही. सेल बदलून झाले. नळ बंद करून पुन्हा सोडून झाला. एकदा वैतागून नवऱ्याने त्याला खालून चापट मारली आणि तो भकदिशी पेटला. तेव्हापासून आमच्या घरात चापट हाच त्याच्यावरचा इलाज ठरला. शेवटी एका सकाळी त्याच्या पोटातून पाणी गळायला लागलं आणि चापटीचाही उपयोग संपला.

भोकरदनला आमचं छोटं घर आहे. मी जवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नवरा जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत आहे. सकाळच्या बसने जातो, दिवेलागणीला येतो. आणि घरातलं तिसरं माणूस म्हणजे माझे वडील. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णा पोस्टमन होते. कुंभार पिंपळगावच्या आसपासच्या वस्त्यांवर त्यांनी जन्मभर सायकलवरून टपाल वाटलं. आई गेल्यावर काही काळ ते गावी एकटेच राहिले, स्वतःच्या हाताने भाकरी करून खाल्ली. मग अंगणात पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि ऑपरेशननंतर मी त्यांना सरळ माझ्याकडे घेऊन आले.

मुलीच्या घरी राहायचं त्यांच्या अगदी जिवावर आलं होतं. आजही त्यांना चहा हवा असला तर ते मागत नाहीत. "तुमचा झाला का चहा?" असं विचारतात. पंखा हवा असला तर "उकडून राह्यलंय का गं तुला?" म्हणतात. त्यांचं हे बोलणं ऐकून पाहुण्यांना कौतुक वाटतं. मला राग येतो. माणसाला काय हवंय ते ओळखत बसायचं, आणि ओळखता आलं नाही तर आपणच चुकलो, असं ते होऊन बसतं.

त्यांची एकच चैन होती, गरम पाण्याची आंघोळ. डॉक्टरांनी कमरेवर आणि मांडीवर गरम पाणी घ्यायला सांगितलं होतं. ते प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसत, दार लावून घेत आणि सावकाश तांब्या-तांब्याने पाणी ओतत. आतून गुणगुणणं ऐकू यायचं. घरात तेवढ्या वेळापुरते ते कुणाचे पाहुणे नसत.

गिझर दुरुस्त करणारा आला. त्याने तो भिंतीवरून उतरवला, खोलला आणि आतली तांब्याची नळी मला दाखवली. आमच्या बोअरच्या पाण्याने तिच्या आतून चुन्यासारखा पांढरा थर धरला होता आणि एके ठिकाणी ती फुटली होती.

"गेला हा, मॅडम," तो म्हणाला. "याच्यात जीव न्हाई आता. नवीनच घ्या."

"कोणता घेऊ?"

"असलाच घ्या. ह्याच खिळ्यांवर बसून जाईल."

इथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. गिझर घ्यायचा आहे ही बातमी घराबाहेर कशी गेली कोण जाणे, पण ज्याला त्याला त्यावर मत होतं. पुण्याहून माझ्या मोठ्या भावाचा फोन आला. "गॅस-बिस सोड, सोलर बसव. एकदा खर्च केला की आयुष्यभर बघायला नको." हा भाऊ दिवाळीला एकदा येतो, अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढतो आणि जातो. तरी मी त्याचं ऐकलं. सोलरवाल्याला घरी बोलावलं. तो गच्चीवर गेला, टाकीतलं पाणी बोटांनी चोळून बघितलं, आणि म्हणाला, "ह्या पाण्याला नळ्या लवकरच चोंदतील. आधी पाणी मऊ करायचं मशीन बसवा, मंग सोलर." म्हणजे एक वस्तू घ्यायची तर तिच्यासाठी आधी दुसरी वस्तू घ्या. भावाला हे कळवलं, तर तो म्हणाला, "मग बसव ना मशीन."

विजेचा गिझर घ्यावा असं माझ्या मनात होतं. वायरमनला बोलावलं. त्याने मीटरपासूनची वायर बघून मान हलवली. घर बांधलं तेव्हा बारीक वायर टाकली होती. विजेच्या गिझरचा भार तिला झेपणार नाही, मीटरपासून नवी ओढावी लागेल, भिंती खोदाव्या लागतील. शिवाय सकाळी आमच्याकडे व्होल्टेज असं पडतं की ट्यूब लागायलाही दहादा विचार करते. नवरा म्हणाला, "मागच्याच वर्षी रंग दिला. भिंती मी खोदू देणार न्हाई." संपला विषय.

मग सुटीच्या दिवशी आम्ही दोघं जालन्याला गेलो. दुकान मोठं होतं. एका भिंतीवर ओळीने गिझर टांगलेले, पांढरे, काळे, एकावर तर गुलाबाची फुलं काढलेली. दुकानदार गोड बोलणारा माणूस होता, पण तो बोलत होता माझ्या नवऱ्याशी.

"घरात माणसं किती, सर?"

"तिघं," मी म्हटलं.

"टाकी किती उंचावर आहे, सर?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. टाकी किती उंचावर आहे हे त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं. दुकानदाराने माझं उत्तर ऐकलं आणि पुढचा प्रश्न पुन्हा त्यालाच विचारला. हे असं बराच वेळ चाललं. प्रश्न त्याला, उत्तर माझं. शाळेत पन्नास पोरांचा आवाज मी एका टाळीने बंद करते, आणि इथे मी उभी आहे हेच त्या माणसाच्या लक्षात येत नव्हतं.

ते दोघं कोणत्या गिझरला जास्त वर्षांची गॅरंटी आहे ते बोलत होते, तेव्हा मी एका गिझरच्या बाजूला चिकटवलेला कागद वाचला. बारीक इंग्रजी अक्षरं होती. शाळामास्तरणीची खोड, लिहिलेलं दिसलं की वाचायचं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की हा गिझर बंद जागेत बसवू नये, बाथरूममध्ये बसवू नये, हवा खेळती असेल तिथेच बसवावा. आत विषारी वायू साठून माणूस बेशुद्ध पडू शकतो, जीवही जाऊ शकतो.

मी ते पुन्हा वाचलं. मग दुकानदाराला विचारलं, "हे काय लिहिलंय?"

त्याने कागदाकडे पाहिलंही नाही. "ते कंपनीला लिहावंच लागतं, मॅडम. सिगारेटच्या पाकिटावर न्हाई का लिहीत? लोक ओढतातच ना!"

नवरा हसला. दुकानदारही हसला.

मला हसू आलं नाही, कारण मला थंडीच्या सुरुवातीची एक सकाळ आठवली. त्या दिवशी अण्णा आंघोळ करून बाहेर आले ते दाराची चौकट धरूनच. तोंड राखेसारखं झालं होतं. दोन पावलं टाकली आणि खाली बसले, तिथेच ओकले. आम्ही घाबरून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीचा ईसीजी काढला, बीपी मोजलं, वयाचा अशक्तपणा आहे म्हणाले आणि ताकदीचं औषध दिलं. त्याच्या थोडंच आधी, गार वारं येतं म्हणून, नवऱ्याने बाथरूमच्या झरोक्याला पुठ्ठा लावून टाकला होता. आणि मला स्वतःला रविवारी डोक्यावरून पाणी घेतलं की दुपारपर्यंत डोकं ठणकायचं. केस ओले राहतात म्हणून ठणकतं, असं मी धरून चालले होते. नवऱ्याला कधी काही झालं नाही, कारण तो दोन मिनिटांत अंगावर पाणी ओतून बाहेर येतो.

मी नवऱ्याची बाही ओढली. मी म्हटलं, "आज नको. चला."

"म्हणजे?" नवरा म्हणाला.

"चला म्हणते ना."

परतीच्या बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत बसला. निम्मा रस्ता गेल्यावर म्हणाला, "एवढी सुटी वाया घालवली. इतकी वर्षं तोच गिझर होता ना आत? कुणी मेलं का?"

"मरेपर्यंत थांबायचं का?"

"डॉक्टर काय येडे आहेत? त्यांनी अशक्तपणा सांगितला."

"डॉक्टरांना आपण गिझरचं सांगितलंच नव्हतं."

"मंग आता सांग जाऊन."

मी खरंच गेले. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, "असू शकतं. पण आता इतक्या दिवसांनी काही सांगता येणार नाही." असू शकतं. एवढंच माझ्या हातात आलं. घरी येऊन ते सांगितलं तर नवरा म्हणाला, "बघ, त्यांनाबी खात्री न्हाई." अण्णांना विचारलं, "आंघोळीला बसल्यावर तुमचं डोकं जड व्हायचं का?" तर म्हणाले, "न्हाई गं बाई. वयच झालं आता. तू कशाला जिवाला घोर लावून घेती?"

तोवर पाणी शेगडीवर तापत होतं. माझा तो सगळा महिना मला आठवतो तो भगुन्याच्या कडांना फडकं लावून चालतानाचा. आमच्याकडे मोठ्या पातेल्याला भगुनं म्हणतात. सकाळी उठून आधी पाण्याचं भगुनं चढवायचं, मग त्याच शेगडीवर स्वयंपाकाची घाई. एकीकडे डबा, एकीकडे पाणी. नवऱ्याने पाण्यात टाकायचा विजेचा रॉड आणला, तर तो लावल्याबरोबर घरातला फ्यूज उडाला. पुन्हा लावला, पुन्हा उडाला. मी तो उचलून माळ्यावर टाकला. त्यावरूनही बोलणं झालं.

अण्णा हे सगळं बघत होते. एक दिवस म्हणाले, "मला आता गार पाण्यानंच बरं वाटतं. गावाकडं मी गार पाण्यानंच करत व्हतो." मी म्हटलं, "गावाकडं तुमचा खुबा धड होता." पण आपल्यापायी हा त्रास होतो, हे त्यांच्या मनातून गेलं नव्हतं.

शनिवारी माझी सकाळची शाळा असते. त्या शनिवारी मी लवकर निघणार होते, म्हणून पाणी शेगडीवर ठेवून अण्णांना सांगितलं की शेजारच्या वहिनी येऊन बादलीत ओतून देतील, तोवर हात लावू नका. वहिनींना यायला थोडा वेळ झाला. त्यांना हाक मारायची म्हणजे कुणाला तरी काम सांगायचं. ते अण्णांना जमलं नाही. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि भगुनं स्वतः उचललं.

मला शाळेत फोन आला. घरी पोहोचले तेव्हा अण्णा पलंगावर बसले होते आणि वहिनी त्यांच्या पायावर गार पाणी ओतत होत्या. उजवं पाऊल लालभडक झालं होतं, वर फोड धरायला लागले होते. मला बघून ते म्हणाले, "थोडंच सांडलं."

मी त्यांच्यावर ओरडले. दवाखान्यात जाताना रिक्षात ओरडले, पट्टी करून परत येतानाही ओरडले. रिक्षावाला आरशातून बघत होता. पायाला भाजलेल्या म्हाताऱ्या माणसावर त्याची मुलगी ओरडते आहे, एवढंच त्याला दिसत असणार. अण्णा खाली मान घालून बसले होते. "चुकलं माझं," म्हणाले. मला त्यांच्याकडून ते ऐकायचं नव्हतं. मला हवं होतं की या माणसाने एकदा तरी म्हणावं, मला गरम पाणी पाहिजे.

त्या संध्याकाळी नवऱ्याने पट्टी बघितली आणि सोमवारी कामावरून येताना जालन्याहून गिझर घेऊनच आला. गॅसचा. पहिल्यासारखाच, आकाराने जरा मोठा. खोकं टेबलावर ठेवून म्हणाला, "आता बास झालं."

मी म्हटलं, "ठीक. गॅसचा तर गॅसचा. पण बाहेर बसवायचा. मागच्या मोरीच्या भिंतीला, उघड्यावर. तिथून पाइप आत घ्यायचा."

"बसवणारा येईल त्याला सांग."

बसवणारा फिटर आला तो मी सुटी टाकून घरी असताना. अंगाने दणकट, घाईत असलेला माणूस. सरळ बाथरूममध्ये शिरला आणि जुन्या खिळ्यांवर हात ठेवून म्हणाला, "हितंच बसवतो. पाइप तयार आहे, सिलिंडरची नळी तयार आहे. लगेच होऊन जाईल."

"इथे नाही बसवायचा. मागे, बाहेर."

"बाहेर कशाला? वाऱ्यानं ज्योत विझती. पाइप लांब पडतो, पाणी गार होऊन येतं. मी रोज बसवतो, मॅडम. समद्यांचे आतच आहेत."

"खोक्यावर लिहिलंय आत बसवू नका."

"खोक्यावर लई काय काय लिहितात."

मी त्याला खोक्यावरचा कागद दाखवला. इंग्रजी होतं, म्हणून मराठीत सांगितलं. त्याने ऐकलं नाही असं नाही, पण त्याचा हात ड्रिलवरच होता. मग त्याने दुकानदाराला फोन लावला. दुकानदाराने माझ्या नवऱ्याला फोन लावला. नवऱ्याने मला फोन लावला.

"अगं, तो रोज हेच काम करतो. त्याला काय कळत न्हाई का?"

"त्याला बसवायचं कळतं. अण्णा आत बसतात."

"पुन्हा तेच! करू दे त्याला काम."

मी फोन ठेवला आणि बाथरूमच्या दारात आडवी उभी राहिले. दुसरं काय करावं मला सुचेना. फिटर आत, मी दारात. त्याने घड्याळ बघितलं. म्हणाला, "मॅडम, मला अजून वडीगोद्रीपर्यंत जायचंय. करू का जाऊ?"

जा म्हणावं तर पुन्हा भगुनं. कर म्हणावं तर पुन्हा तो पुठ्ठा लावलेला झरोका आणि बंद दार. मला रडू यायला लागलं आणि त्या फिटरसमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी चौकट घट्ट धरून उभी होते. तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. अण्णा पट्टी बांधलेला पाय टाचेवर टाकत येत होते. माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि फिटरला म्हणाले,

"हे माझ्यासाठी चाललंय ना? मंग ती म्हणती तिथंच बसव."

"बाबा, हितं काय होत न्हाई..."

"होतं," अण्णा म्हणाले. "मला व्हायचं. आत बसलं की कान वाजायचे, डोळ्याम्होरं काळं यायचं. भिंत धरून बसायचो. दोन-तीनदा झालं असंल. जास्तबी असंल."

फिटरने ड्रिलवरचा हात काढला.

मी अण्णांकडे वळले. "मी विचारलं होतं तुम्हाला. बसून विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात."

"सांगितलं असतं तर तू माझं गरम पाणी बंद केलं असतंस," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आणि तुमच्या दोघात आधीच बोलाचाली चालू व्हती. मी आल्यापासनं चालूच हे."

मला त्यांचा भयंकर राग आला. एवढे दिवस मी दुकानदाराशी भांडले, नवऱ्याशी भांडले, डॉक्टरांच्या दारात जाऊन आले, लोकांनी मला डोक्यावर पडलेली ठरवलं, आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो माणूस खरं काय ते पोटात ठेवून पलंगावर बसला होता. भिंत धरून आंघोळ करत होता, पण मुलीला त्रास नको. मी स्वयंपाकघरात गेले, ओट्याला टेकून उभी राहिले. बाहेर अण्णा फिटरला सांगत होते, "चल, मी मोरी दाखवतो तुला."

गिझर मागच्या भिंतीला बसला. पाइपासाठी भिंतीला भोक पाडावं लागलं. नवऱ्याने दिलेल्या रंगाचा मोठा पोपडा निघाला. फिटर जाताना म्हणाला, "वाऱ्याचं म्हणालो व्हतो, ध्यानात ठेवा." आणि त्याचं ते म्हणणं खरं निघालं. दुसऱ्याच दिवशी सकाळी वारं सुटलं आणि ज्योत विझली. अण्णांच्या अंगावर साबण, आणि नळातून बर्फासारखं पाणी. मी मागे पळाले, पेटवला, आत आले, पुन्हा विझला. नवरा दात घासत उभा होता. त्याने ब्रश तोंडात ठेवूनच पोपडा निघालेल्या भिंतीकडे पाहिलं.

मग वेल्डिंगवाल्याकडे गेले. गिझरला तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा करायचा, खालून आणि पुढून मोकळा ठेवायचा, हे त्याला कागदावर काढून दाखवलं. त्याने उद्या देतो म्हणून सांगितलं. ते उद्या बऱ्याच दिवसांनी उगवलं. आणि आडोसा आणला तो चारी बाजूंनी बंद, खोक्यासारखा! "पाऊस लागू नये म्हणून केला, ताई," म्हणाला. मी तिथेच उभी राहून पुढचा पत्रा कापून घेतला. तो बसवल्यावर मात्र ज्योत टिकली. गरम पाणी आत येईपर्यंत पहिले एक-दोन तांबे गार येतात, ते आम्ही बादलीत धरतो आणि भांड्यांना वापरतो. झरोक्याचा पुठ्ठा मी काढून टाकला. त्याने गार वारं येतं. येऊ दे.

अण्णांचा पाय भरून यायला वेळ लागला. त्यानंतर ते पुन्हा पहिल्यासारखे दार लावून बसायला लागले. चक्कर आली नाही, कान वाजले नाहीत. निदान तसं ते सांगतात, आणि आता मी रोज विचारते, दोनदा विचारते, तोंडाचा रंग बघते. रविवारी माझंही डोकं ठणकत नाही. हे सिद्ध काहीच होत नाही, मला माहीत आहे. डॉक्टरांना सांगितलं तर ते पुन्हा असू शकतं म्हणतील.

नवऱ्याने चूक कबूल केली नाही. पण महिन्याभराने त्याच्या कंपनीतला एक जण घरी आला होता, तेव्हा हा त्याला मागे नेऊन गिझर दाखवत होता. "बाहेरच बसवायचा असतो हा. लोकांना कळत न्हाई. आत गॅस साठतो." मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. त्याने माझ्याकडे बघितलं आणि घाईघाईने विषय बदलला. मला हसायला हवं होतं. मी ट्रे जरा जोरातच ठेवला.

हे सगळं मिटलं असं वाटत होतं, तोच आमच्या गल्लीच्या टोकाच्या घरी नवा गिझर आला. त्यांच्या सुनेला बाळ झालं होतं, बाळंतिणीला गरम पाणी लागतं म्हणून मुलाने आणला होता. मी बाळाला बघायला गेले तर गिझर बाथरूममध्ये, स्टुलाच्या बरोबर वर. झरोक्याला जाड प्लॅस्टिक. मी तिच्या सासूबाईंना सांगायला सुरुवात केली. आमच्या अण्णांचं सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "बाळंतिणीला वारं लागलं तर जन्माचं दुखणं होतं, बाई. आमचं बाथरूम तुमच्यापेक्षा मोठं हे."

"मोठं असलं तरी..."

"आणि तुमचे अण्णा म्हातारे हायेत."

पुष्कळ बोलल्यावर एवढंच ठरलं की आधी दार उघडं ठेवून बादल्या भरायच्या, गिझर बंद करायचा, आणि मगच बाळाला घेऊन आत जायचं. सुनेने मान डोलावली. सासूबाई हो म्हणाल्या, पण त्यांचं लक्ष बाळाच्या टोपड्याकडे होतं.

चार-सहा दिवसांनी सकाळी मी शाळेला निघाले होते. त्यांच्या घरावरून जाताना बाथरूमच्या बाजूने गिझरची घरघर ऐकू आली, पाण्याचा आवाज आणि मधूनच बाळाचं रडणं. मी स्कूटी लावली. चपला न काढता आत गेले. सासूबाई "काय झालं, काय झालं" म्हणत मागे आल्या. मी बाथरूमचं दार वाजवलं.

सुनेने बसल्या बसल्या हात लांबवून कडी काढली. पाय पसरून बसली होती, मांडीवर बाळ, वर गिझर जळतोय. "काकू, बादलीतलं पाणी लगेच निवतं ना," ती म्हणाली. लहान पोर आहे ती, माझ्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलींच्या वयाची. तिला बोलावंसं वाटेना. मी हात वर करून गिझर बंद केला, दार सताड उघडलं आणि दारात तिच्याकडे पाठ करून उभी राहिले, म्हणजे बाहेरचं वारं आधी माझ्या अंगावर येईल. सासूबाई समोर उभ्या राहून मला काहीबाही ऐकवत होत्या. मागे तांब्यातून पाणी पडत होतं. बाळ रडायचं थांबलं, आणि तिने त्याला टॉवेलात गुंडाळून बाहेर आणेपर्यंत मी तिथेच उभी होते. शाळेला उशीर झाला.